ट्रेड वाचताना वर्षं मोजा

२ नोव्हेंबर २०२५च्या रविवारी नवी मुंबईत महिला क्रिकेट विश्वचषकाची अंतिम लढत होती. त्यामुळे त्या सकाळी टोरांटोत काय चाललंय याकडे आपल्याकडे फारसं कुणाचं लक्ष नव्हतं. तिथे शनिवारची रात्र सरत आली होती आणि अमेरिकन बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचा सातवा, शेवटचा सामना रंगला होता. टोरांटो ब्लू जेज ४-३ने पुढे होते. नववी इनिंग, एक खेळाडू बाद. लॉस एंजेलिस डॉजर्सला सामन्यात टिकायचं तर एक धाव हवीच होती. बॅट होती मिगेल रोहासच्या हातात. वय ३६, फलंदाजीच्या क्रमात नववा, आणि सहाव्या सामन्यापर्यंत सुरुवातीच्या संघातही नसलेला. त्याने होम रन मारला आणि बरोबरी झाली. त्याच इनिंगच्या उत्तरार्धात तिन्ही बेस भरलेले असताना, तोल जात असतानाही त्याने चेंडू अडवून होम प्लेटकडे फेकला आणि टोरांटोची विजयी धाव रोखली. पुढे अकराव्या इनिंगमध्ये विल स्मिथच्या होम रनवर डॉजर्स ५-४ने जिंकले.

शोहेई ओहतानीशी ७० कोटी डॉलरचा आणि योशिनोबू यामामोतोशी ३२.५ कोटी डॉलरचा करार केलेल्या संघाला त्या क्षणी तारलं ते रोहासने. तो डॉजर्सकडे आला जानेवारी २०२३मध्ये, मायामी मार्लिन्सबरोबरच्या एका छोट्या ट्रेडमधून. बदल्यात गेला जेकब अमाया नावाचा तरुण शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला क्षेत्ररक्षक), ज्याचा पुढे मायामीत जम बसला नाही. त्या बातमीला कुणी दोन ओळींपेक्षा जास्त जागा दिली नसेल.

गोष्ट आणखी मागे जाते. डिसेंबर २०१४मध्ये डॉजर्सनेच रोहासला मायामीला दिलं होतं. त्या मोठ्या व्यवहारात मायामीकडून लॉस एंजेलिसला आलेल्यांपैकी एक होता एनरिके ऊर्फ कीके हर्नांडेझ. २०२५च्या सहाव्या सामन्याचा शेवट पाहा: लेफ्ट फील्डमध्ये कीकेने पुढे धावत झेल घेतला आणि क्षणात चेंडू सेकंड बेसवर फेकला. तिथे उभ्या असलेल्या रोहासने तो पकडून दुसरा गडी टिपला आणि सामना संपला. अकरा वर्षांपूर्वी एकमेकांच्या बदल्यात दिले-घेतलेले दोघे आता एकाच संघात होते.

बेसबॉलचा चाहता हिवाळ्यात का जागा असतो, याचं उत्तर या क्षणांमध्ये आहे. मेजर लीगमध्ये ३० संघ आहेत आणि मार्चअखेर ते सप्टेंबर प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. मैदानावरचा खेळ थांबला की कार्यालयांतला खेळ सुरू होतो. वर्ल्ड सिरीजनंतर पाच दिवसांनी मोकळे झालेले खेळाडू, म्हणजे फ्री एजंट, हव्या त्या संघाशी करार करू शकतात. नोव्हेंबरमध्ये कुणाला ठेवायचं आणि कुणाला सोडायचं हे ठरतं. डिसेंबरच्या सुरुवातीला ‘विंटर मीटिंग्ज’ भरतात. सगळ्या संघांचे जनरल मॅनेजर, एजंट आणि पत्रकार एकाच हॉटेलात उतरतात आणि लॉबीत अफवांना ऊत येतो. फेब्रुवारीत फ्लोरिडा आणि अ‍ॅरिझोनात सराव शिबिरं सुरू होईपर्यंत संघाचा सांगाडा तयार झालेला असतो.

आयपीएल पाहणाऱ्याला वाटेल, हे सगळं आपल्या ओळखीचं आहे. संजू सॅमसन चेन्नईला आणि रवींद्र जडेजा राजस्थानला, असा ट्रेड आपणही नोव्हेंबर २०२५मध्ये पाहिला. पण मूळ रचनेत मोठा फरक आहे. आयपीएलमध्ये दर काही वर्षांनी महालिलाव होतो, बहुतेक खेळाडू पुन्हा बाजारात येतात आणि प्रत्येक संघाच्या हातात सारखीच रक्कम असते. बेसबॉलमध्ये लिलाव नाही आणि खर्चाला कडक मर्यादाही नाही. एका ठरावीक रकमेच्या वर गेलेल्या संघाला ‘लक्झरी टॅक्स’ भरावा लागतो. २०२५मध्ये ही रेषा २४.१ कोटी डॉलरवर होती. ज्याला परवडतं तो कर भरतो आणि पुढे जातो. पाटी कधीच कोरी होत नाही. आज केलेल्या चुकीचे हप्ते सात-आठ वर्षं फेडावे लागतात, आणि आज साधलेल्या छोट्या व्यवहाराची फळं दहा वर्षांनी मिळू शकतात.

या रचनेची किल्ली एका आकड्यात आहे: सहा. मेजर लीगमध्ये पाऊल ठेवल्यापासून खेळाडूची सहा वर्षांची सेवा पूर्ण होईपर्यंत त्याच्यावर संघाचा हक्क असतो. पहिली साधारण तीन वर्षं त्याला किमान पगाराच्या आसपासच पैसे मिळतात. २०२५मध्ये हा किमान पगार ७ लाख ६० हजार डॉलर होता. पुढची तीन वर्षं लवादाची: संघ एक आकडा सांगतो, खेळाडू दुसरा, आणि तडजोड झाली नाही तर लवाद दोन्हींतला एक निवडतो. सहा वर्षं भरली की खेळाडू मोकळा होतो. मग बोली लागते आणि दहा-दहा वर्षांचे करार होतात.

ही सहा वर्षंही खेळाडूंना सहजासहजी मिळालेली नाहीत. पूर्वी संघ खेळाडूला आयुष्यभर बांधून ठेवू शकत असे. १९६९च्या हंगामानंतर सेंट लुईसने कर्ट फ्लड या आपल्या जुन्या खेळाडूला परस्पर फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. फ्लडने जायला नकार दिला. आपण विकायची मालमत्ता नाही, अशी त्याची भूमिका होती. १९७२मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात तो ५-३ अशा निकालाने हरला आणि त्याची कारकीर्दही संपल्यात जमा झाली. पण वाट मोकळी झाली होती. डिसेंबर १९७५मध्ये पीटर सेट्झ या लवादाने अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन पिचरांच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांच्या, बाजूने निकाल दिला आणि जुनं बंधन तुटलं. नंतरच्या वाटाघाटींतून सहा वर्षांची रेषा आखली गेली.

तेव्हापासून ट्रेडमध्ये खरी देवघेव होते ती वर्षांची. ज्याच्या कराराचं एकच वर्ष उरलंय असा तारा एका बाजूला, आणि ज्यांची पाच-सहा स्वस्त वर्षं बाकी आहेत अशी दोन-तीन कोवळी पोरं दुसऱ्या बाजूला. एका संघाला यंदाच जिंकायचं असतं, दुसऱ्याला पुढची पाच वर्षं उभी करायची असतात. दोघांच्या गरजा वेगळ्या असतात म्हणूनच सौदा जमतो. ‘ट्रेडमध्ये कोण फसलं?’ हा चाहत्यांचा लाडका प्रश्न त्यामुळेच बऱ्याचदा फोल ठरतो.

आपल्याकडे बेसबॉलची ओळख अनेकांना झाली ती ब्रॅड पिटच्या ‘मनीबॉल’ या सिनेमातून. २००२च्या ओकलंड अ‍ॅथलेटिक्सने सुमारे ४ कोटी डॉलरच्या पगारखर्चात १०३ सामने जिंकले. त्याच वर्षी न्यूयॉर्क यांकीजनेही १०३च जिंकले, पण तिप्पट खर्च करून. सिनेमात श्रेय जातं ते दुर्लक्षित फलंदाज हुडकणाऱ्या गणिताला. पडद्यावर जे जवळजवळ दिसतच नाही ते हे: त्या संघाकडे टिम हडसन, मार्क मल्डर आणि बॅरी झिटो असे तीन अव्वल पिचर होते आणि तिघेही आपल्या पहिल्या सहा वर्षांत होते. त्या वर्षी झिटोला सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला. गणित खरं होतं, पण त्याच्याखालचा पाया स्वस्त वर्षांचा होता.

आज स्वस्त वर्षांचा हा खेळ सर्वांत सफाईने खेळतो तो मिलवॉकी ब्रूअर्स. लीगमधल्या सर्वांत लहान बाजारपेठेतला हा संघ. तारे इथे तयार होतात, पण मोकळे झाल्यावर त्यांना ठेवून घेणं परवडत नाही. मग ते मोकळे होण्याआधीच दिले जातात. ऑगस्ट २०२२मध्ये जॉश हेडर हा सामन्याचा शेवट करणारा नामवंत पिचर त्यांनी सान डिएगोला दिला. संघ तेव्हा आपल्या गटात आघाडीवर होता. चाहते खवळले, ड्रेसिंग रूममध्ये नाराजी पसरली आणि त्या वर्षी ब्रूअर्सचं प्लेऑफ एका विजयाने हुकलं. ही किंमत खरी होती, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या व्यवहारात आलेल्या एस्तेउरी रुईझला त्यांनी डिसेंबरमध्ये तीन संघांच्या एका ट्रेडमध्ये पुढे सरकवलं आणि अटलांटाकडून विल्यम कॉन्ट्रेरास हा कॅचर मिळवला. त्याची पाच वर्षं बाकी होती. लवकरच तो लीगमधल्या अव्वल कॅचरांमध्ये गणला जाऊ लागला.

फेब्रुवारी २०२४मध्ये साय यंग विजेता कॉर्बिन बर्न्स बाल्टिमोरला गेला. त्याचं एकच वर्ष उरलं होतं. बदल्यात आला शॉर्टस्टॉप जोई ओर्टीझ, त्याच्याबरोबर एक डावखुरा पिचर आणि ड्राफ्टमधली, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतली, एक निवड. डिसेंबर २०२४मध्ये डेव्हिन विल्यम्स यांकीजकडे गेला, तोही एका वर्षासाठी. न्यूयॉर्कमध्ये त्याचा खेळ घसरला आणि शेवटच्या पिचरची जागाही गेली. बदल्यात आलेल्या नेस्टर कोर्टेसच्या नावाची बरीच चर्चा झाली, पण तो दुखापतीत अडकला. जोडीला आलेला केलेब डर्बिन मात्र २०२५मध्ये नवोदितांच्या पुरस्कारात तिसरा आला. हा डर्बिन मुळात ड्राफ्टच्या १४व्या फेरीत निवडलेला, बुटका खेळाडू. त्याच पुरस्कारात चौथा आलेला आयझॅक कॉलिन्स तर ब्रूअर्सने डिसेंबर २०२२च्या ‘रूल ५’ ड्राफ्टमधून उचलला होता. दुसऱ्या संघाने आपल्या संरक्षित यादीत न ठेवलेले खेळाडू या ड्राफ्टमध्ये घेता येतात. त्यातल्या मायनर लीगच्या, म्हणजे खालच्या स्तरावरच्या लीगच्या, टप्प्यात त्यासाठी मोजावे लागतात फक्त २४ हजार डॉलर.

२०२५मध्ये ब्रूअर्सने ९७ सामने जिंकले, लीगमध्ये सर्वाधिक. डॉजर्सविरुद्धचे साखळीतले सहाही सामने जिंकले. ऑक्टोबरमध्ये मात्र त्याच डॉजर्सनी त्यांना ४-०ने धुतलं. चार सामन्यांत मिलवॉकीला एकूण चार धावा करता आल्या. शेवटच्या सामन्यात एकट्या ओहतानीने तीन होम रन मारले आणि सहा इनिंगमध्ये एकही धाव दिली नाही. हिशेबाने बांधलेल्या संघाची ताकद आणि त्याची मर्यादा एकाच वर्षात दिसली. १६२ सामन्यांच्या रेट्यात खोली असलेला संघ जिंकतो, कारण दुखापती होतात, पिचर थकतात आणि विसाव्या क्रमांकाच्या खेळाडूवरही वेळ येते. सात सामन्यांच्या मालिकेत एखादा असामान्य माणूस सगळी गणितं उधळू शकतो.

मग ताऱ्यांच्या मागे लागावं का? हुआन सोटोचा प्रवास पाहा. २०२२मध्ये वॉशिंग्टन नॅशनल्सने त्याच्यासमोर १५ वर्षांसाठी ४४ कोटी डॉलरचा प्रस्ताव ठेवला, तो त्याने नाकारला. अडीच वर्षं बाकी असताना संघाने त्याला सान डिएगो पाद्रेसला दिलं. बदल्यात आलेल्यांमध्ये सी. जे. एब्राम्स, मकेन्झी गोर आणि जेम्स वुड होते. तिघेही पुढे ऑल-स्टार झाले. डिसेंबर २०२३मध्ये, एक वर्ष उरलेलं असताना, पाद्रेसने त्याला यांकीजकडे धाडलं आणि मायकेल किंगसह पाच खेळाडू घेतले. त्यातल्या ड्रू थॉर्पला आणखी तिघांसह शिकागोला देऊन त्यांनी डिलन सीझ मिळवला आणि जुलै २०२४मध्ये सीझने नो-हिटर टाकला, म्हणजे पूर्ण सामन्यात प्रतिस्पर्ध्याला एकही हिट मिळू दिली नाही. सोटोने यांकीजला २००९नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सिरीजमध्ये नेलं आणि त्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्क मेट्सशी १५ वर्षांचा, ७६.५ कोटी डॉलरचा करार केला.

आता विजयांचे आकडे शेजारी शेजारी ठेवू. पाद्रेस २०२३मध्ये सोटोसह ८२, पुढच्या वर्षी त्याच्याविना ९३. यांकीज २०२४मध्ये सोटोसह ९४, पुढच्या वर्षी त्याच्याविना ९४च. मेट्स २०२४मध्ये सोटोविना ८९, पुढच्या वर्षी त्याच्यासह ८३, आणि प्लेऑफही हुकलं. यातून सोटो कमी ठरत नाही. मेट्सकडे त्याने ४३ होम रन मारले. पण तो नऊ फलंदाजांतला एक आहे आणि पिचिंग तो करत नाही. बाकीच्या २५ जागा कशा भरल्या, यावर हंगाम ठरतो. सोटोबरोबर यांकीजकडे ‘जोडीला’ आलेला ट्रेंट ग्रिशम सुरुवातीला बाकावरच असायचा. २०२५मध्ये त्याने ३४ होम रन मारले.

दुसरं टोकही तितकंच फसवं आहे. चाहते आपल्या संघाच्या प्रॉस्पेक्टना, म्हणजे मायनर लीगमधल्या होतकरू पोरांना, इतके जपतात की कुणाला द्यायचं म्हटलं की जीव वर-खाली होतो. २०१७-१८च्या हिवाळ्यात मायामीने आपला संघ मोडायला काढला. क्रिस्चन येलिच मिलवॉकीला दिला आणि चार प्रॉस्पेक्ट घेतले. त्यांच्यातला लुईस ब्रिन्सन सर्वांत नावाजलेला होता. चौघांपैकी कुणीही तिथे स्थिरावला नाही आणि येलिच त्याच वर्षी सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच हिवाळ्यात, त्याच कार्यालयाने मार्सेल ओझुना सेंट लुईसला दिला. त्या बदल्यात आलेला सँडी अल्कांतारा २०२२चा साय यंग विजेता झाला. माणसं तीच, पद्धत तीच, निकाल दोन टोकांचे. पोरांची वर्षं स्वस्त असतात, पण खात्रीची नसतात. म्हणून शहाणा संघ एकाच पोरावर सगळी भिस्त ठेवत नाही, तीन-चार घेतो.

इथे एक आक्षेप येणारच: हे सगळं गरिबांचं शहाणपण, शेवटी पैसाच जिंकतो. डॉजर्सकडे पाहून तसं वाटणं साहजिक आहे. ओहतानीच्या ७० कोटींपैकी ६८ कोटी २०३४ ते २०४३ या काळात, बिनव्याजी द्यायचे आहेत. आत्ता तो वर्षाला २० लाखच उचलतो. अशी उधारी पेलण्याची ऐपत मिलवॉकीची नाही. सध्याचा कामगार करार १ डिसेंबर २०२६ला संपतो आणि पगारावर कडक मर्यादा असावी का, हा वाद त्या वेळी पेटणार हे उघड आहे. पण पैसा पुरेसा असता तर २०२३चे मेट्स ७५ विजयांवर अडकले नसते. तोवरच्या इतिहासातला सर्वाधिक पगारखर्च त्यांचा होता. डॉजर्सकडे पैशाबरोबर नजर आहे. ओकलंडने सोडून दिलेला मॅक्स मन्सी त्यांनी २०१७मध्ये मायनर लीगच्या करारावर उचलला आणि तो त्यांचा आधारस्तंभ झाला. मुकी बेट्स त्यांनी फेब्रुवारी २०२०मध्ये बॉस्टनकडून आणला, तेव्हा त्याचं एकच वर्ष बाकी होतं. पाच महिन्यांत त्याच्याशी १२ वर्षांचा करार करून त्यांनी ते वर्ष लांबवलं. बॉस्टनकडे त्या व्यवहारातून आज सांगण्यासारखं फार थोडं उरलं आहे. ज्या संघाला ताऱ्याला पगार देणं सहज परवडलं असतं, त्याने मिलवॉकीसारखं वागायचं कारण नव्हतं. माझ्या मते या दशकातला तो सर्वांत वाईट ट्रेड आहे.

पुढच्या हिवाळ्यात एखाद्या ट्रेडची बातमी आली की चार गोष्टी तपासा. प्रत्येक खेळाडूची किती वर्षं बाकी आहेत? पगाराचा भार कुणी उचलला? संघाला ज्या जागी भोक होतं ती जागा भरली का? आणि यादीच्या शेवटी, ‘शिवाय’ या शब्दानंतर कुणाचं नाव आलंय? पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की व्यवहाराचा हेतू कळतो. शेवटच्याचं उत्तर कळायला मात्र कधी कधी नोव्हेंबरपर्यंत थांबावं लागतं. डिसेंबरमध्ये मोठं नाव मिळवलेल्या संघाला विजेता ठरवून टाकण्याची घाई करू नका. त्या महिन्यात सामने होत नाहीत.